वेदीवरून उतरवलेला ख्रिस्त

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे आणि आपल्या तालुक्यातली नाही. तरी वाचा, कारण विषय आपल्या अगदी ओळखीचा आहे: पुतळ्याचा वाद. आपल्याकडे पुतळ्याची बातमी कशी येते हे या धंद्यात वीसेक वर्षं काढल्यावर मला तोंडपाठ आहे. उंची किती, वजन किती, खर्च किती, अनावरण कुणाच्या हस्ते. चेहरा हुबेहूब आलाय की नाही यावर चौकात चर्चा. शिल्पकाराचं नाव शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. आणि पुतळ्यातला माणूस कोणत्या मातीचा, कोणत्या हातांनी, का असा घडवलाय, याला बातमीत रकानाच नाही.

म्हणून ही गोष्ट. जर्मेन रिशिए नावाच्या फ्रेंच शिल्पकार बाईंची. 1902 साली दक्षिण फ्रान्समधल्या ग्रांस या गावी जन्म, 1959 साली मृत्यू. आजच्या फ्रेंच शिल्पकलेत मोडकं, फाटकं, भंगारातून उभं केलेलं शरीर सर्रास दिसतं. त्या वाटेवर सुरुवातीला चाललेल्यांत या बाई आहेत.

आधी त्यांचं शिक्षण, कारण वाद झाला तेव्हा पुष्कळांनी समज करून घेतला की बाईंना नीट शरीर घडवताच येत नसावं. प्रकार नेमका उलटा होता. मॉन्पेलिएच्या कलाशाळेत त्यांचे गुरू होते लुई-जाक गिग, ज्यांनी थोर शिल्पकार रोदँ यांच्याकडे काम केलेलं. तिथून 1926 साली पॅरिसला आंत्वान बूर्देल यांच्या हाताखाली. बूर्देल हेही रोदँच्याच कारखान्यातून बाहेर पडलेले. म्हणजे घराणं म्हणा ना, दोन्ही बाजूंनी एकच. या घराण्याची रीत कडक. समोर जिवंत माणूस उभा करायचा आणि मोजायचं. रिशिए तर मॉडेलच्या अंगावरच रेघा ओढायच्या. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, हाडं जिथे कातडीजवळ येतात ते बिंदू जोडून त्रिकोणांचं जाळं तयार करायच्या. हातात कर्कटक आणि गवंड्याकडे असतो तसा ओळंबा. मग तीच मापं मातीवर. हे त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही. ज्या मूर्तींना पुढे लोक विद्रूप म्हणाले, त्यांच्या आतही हे मोजलेलं शरीर आहे. आधी नीट बांधायचं आणि मग फाडायचं, असा तो क्रम.

1939 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा त्या स्वित्झर्लंडमध्ये होत्या. पती ऑटो बॅनिंगर हे स्विस, तेही शिल्पकार. युद्धाची वर्षं झुरिचमध्ये गेली. इकडे फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, आणि विशी इथल्या मांडलिक सरकारने ऑक्टोबर 1941 मध्ये कायदा करून चौकाचौकातले ब्राँझचे पुतळे उतरवायला घेतले. कारण सांगितलं धातूची टंचाई. पण उतरवताना निवड होतीच. व्होल्तेर गेले, रूसो गेले, झोला गेले. संत आणि राजे बरेचसे वाचले. पुतळे वितळवून तांबं काढलं गेलं. 1946 मध्ये रिशिए पॅरिसला परत आल्या तेव्हा शहरात रिकामे चौथरे उभे होते. हे चित्र मला फार बोलकं वाटतं. आपण पुतळा हटवणं म्हणजे तणाव, बंदोबस्त, दगडफेक असं समजतो. तिथे सरकारी कर्मचारी आले, यादी वाचली आणि काढून नेले.

या काळातच रिशिएंचं शरीर बदललं. शरीर म्हणजे त्यांच्या मूर्तींचं. युद्धाआधीच्या त्यांच्या मूर्ती चांगल्या, सुडौल, बूर्देलच्या शिष्येला शोभतील अशा. नंतरच्या मूर्तींमध्ये माणूस आणि बाकीची सृष्टी यांच्यातली भिंतच पडली. 1946 ची ‘ला माँत’ बघा. माँत म्हणजे नाकतोड्यासारखा दिसणारा तो कीटक, जो पुढचे पाय जोडून बसतो आणि ज्याची मादी कधीकधी नराला खाते. रिशिएंनी केलेली ही बाईही आहे आणि कीटकही. बसलेली आहे, पण झडप घालायच्या बेतात. दक्षिणेतल्या उन्हाच्या मुलखात वाढलेली ही बाई, किडेमुंग्या, वाळलेल्या काड्या, शेंगा लहानपणापासून बघत आलेली. आणखी एका मूर्तीत त्यांनी झाडाची खरी फांदीच हात म्हणून बसवली आणि मग सगळं ब्राँझमध्ये ओतलं.

साहित्याचा हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मजा इथेच आहे. ब्राँझची मूर्ती म्हटली की आपल्याला वाटतं, धातू महत्त्वाचा. ओतारी कामात धातू शेवटी येतो. त्याआधी माती, प्लास्टर, मेण. मातीवर बोट दाबलं तर तो ठसा प्लास्टरमध्ये उतरतो, प्लास्टरवरून मेणात, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत ब्राँझ. साधारण शिल्पकार मधल्या टप्प्यांवर हाताच्या खुणा घासून पुसून गुळगुळीत करतो. रिशिए त्या खुणा वाढवायच्या. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेले तागासारखे धागे गुंडाळायच्या, ते सुकले की कापायच्या, खरवडायच्या, भोकं पाडायच्या. कधी सांगाड्याची तार तशीच बाहेर ठेवायची. काही मूर्तींमध्ये हात-पाय-गुडघे तारांनी एकमेकांना बांधले, त्यामुळे हवेतल्या मोकळ्या जागेलाही ताण आला. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेली वस्तू तर त्या सोडायच्याच नाहीत. 1953-54 च्या ‘लो’ म्हणजे ‘पाणी’ या मूर्तीत बसलेल्या बाईचं डोकं म्हणजे एका जुन्या मातीच्या रांजणाचा गळा आहे. 1951 च्या मेंढपाळाचं डोकं किनाऱ्यावर मिळालेल्या ढेकळाचं. बैलांच्या खेळावरच्या मूर्तीत माणसाच्या डोक्याच्या जागी त्रिशूळ, दक्षिणेतले गुराखी वापरतात तसला. मॉन्पेलिएच्या बाजूची माणसं ही अवजारं रोज हाताळतात. म्हणजे विचित्र दिसणाऱ्या या मूर्ती हवेतून आलेल्या नाहीत, त्या गावाकडच्या वस्तूंनीच भरलेल्या आहेत.

आता एक माणूस. नाव नार्दोने. धंदा मॉडेलचा. तरुणपणी तो रोदँकडे ‘बाल्झाक’ या पुतळ्यासाठी उभा राहिला होता. तो पुतळा साहित्यिकांच्या संस्थेने 1891 साली करायला दिला, 1898 साली लोकांसमोर आला आणि संस्थेने तो घ्यायला नकार दिला. पोत्यात भरलेला माणूस, बर्फाचा बाहुला, काय वाटेल ते लोक बोलले. रोदँ पुतळा घरी घेऊन गेला. पॅरिसच्या रस्त्यावर तो ब्राँझमध्ये उभा राहायला 1939 साल उजाडलं, तोवर रोदँला जाऊन 22 वर्षं झाली होती. हाच नार्दोने ऐंशीच्या घरात असताना रिशिएंच्या दारात आला, काम मागायला. रिशिएंनी त्याला उभं केलं. सुटलेलं पोट, बारीक झालेल्या मांड्या, लोंबणारे हात. त्यातून 1947-48 मध्ये झाला ‘लोराज’, म्हणजे ‘वादळ’. माणसाएवढ्या उंचीचा नागडा म्हातारा समोरून चालत येतोय, आणि चेहरा असा की वर कुणीतरी चिखल ओतून तो वाळायच्या आत बोटांनी उकरलाय. डोळे-नाक-ओठ शोधावे लागतात. दोन हात किंचित पुढे आलेले. हल्ला करतोय की तोल सावरतोय, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी त्याची जोडीण आली, ‘लूरागान’. हा शब्दही बाईंनीच केलेला, चक्रीवादळाचं स्त्रीलिंग.

युद्ध, छळछावण्या, अणुबाँब यांनंतर आलेल्या या मूर्ती. समीक्षक लगेच म्हणाले, ही युद्धाची माणसं. असेलही. मला स्वतःला मात्र नार्दोनेचं म्हातारपण आधी दिसतं. ज्याच्या शरीराचं अर्ध्या शतकापूर्वी हसं झालं, तो परत मोजून घ्यायला उभा राहिला, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता मुख्य प्रकरण.

फ्रान्सच्या पूर्वेला आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखरासमोर आसीचं पठार आहे. उंची साधारण 1000 मीटर. हवा स्वच्छ आणि कोरडी, म्हणून 1920 च्या दशकापासून तिथे क्षयरोग्यांसाठी एकामागून एक सॅनेटोरियम झाली. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी ज्यांना आठवते त्यांना कल्पना येईल. त्या काळी टीबीवर औषध नव्हतं. पडून राहायचं, गच्चीवर गार हवेत श्वास घ्यायचा, खायचं, आणि वाट बघायची. महिने, वर्षं. या रुग्णांसाठी तिथे चर्च बांधायचं फादर देवेमी यांनी मनावर घेतलं. वास्तुकार मोरिस नोव्हारिना. सजावटीसाठी देवेमींनी सल्ला घेतला फादर कुतुरिए या डॉमिनिकन पाद्र्याचा, आणि इथून गोष्ट रंगते.

कुतुरिए यांचं मत होतं की चर्चमधली कला मरून पडलेली आहे. गुळगुळीत, गुलाबी गालांच्या, साच्यातून काढलेल्या मूर्ती. श्रद्धाळू पण सुमार कारागिरापेक्षा श्रद्धा नसलेला खरा कलावंत बरा, असं ते उघड म्हणत. आणि तसंच केलं. दर्शनी भागावर फर्नां लेजे यांचं मोझेक, वेदीमागे ज्याँ ल्युर्सा यांचा भव्य विणलेला पडदा; हे दोघंही कम्युनिस्ट. आत मातीस, बोनार, ब्राक, रूओ. पुढे शागाल आणि लिपशिट्झ हे ज्यू कलावंतही आले. एका डोंगरी चर्चमध्ये ही पंगत बसली. याच कुतुरिए यांनी पुढे ल कॉर्बुझिए यांना चर्चच्या कामांकडे आणलं, ज्यांचं चंदीगड आपल्याला माहीत आहे.

मुख्य वेदीवर ठेवायचा क्रुसावरचा ख्रिस्त रिशिएंकडे आला. त्यांनी केलेला ख्रिस्त ब्राँझचा. हात दोन्ही बाजूंना पूर्ण पसरलेले. चेहरा नाही, म्हणजे डोकं आहे पण त्यावर नाक-डोळे वेगळे काढता येत नाहीत. आणि वेगळा क्रूसही नाही. लाकूड आणि शरीर एकच झालेलं. दुःखासकट क्रूस शरीरात शिरला आणि आता त्याच्या कडा हातांखालून जेमतेम ओळखू येतात, असं बाईंचं म्हणणं होतं. अंग वाळलेल्या खोडासारखं, साल निघालेलं. वर सांगितलेली सगळी रीत, ते उकरणं, ती फांदी, तो मोजलेला सांगाडा, इथे एकत्र आली. बाजू घेणाऱ्यांनी बायबलमधल्या यशयाच्या 53 व्या अध्यायाकडे बोट दाखवलं. तिथे दुःख सोसणारा सेवक रूप नसलेला, कोरड्या जमिनीतल्या मुळासारखा, लोक ज्याच्यापासून तोंड फिरवतात असा सांगितलाय. म्हणजे शास्त्राचा आधार होता. बाईंनी मनाने काही घुसडलं नव्हतं.

ऑगस्ट 1950 मध्ये चर्चचा अभिषेक झाला, ख्रिस्त वेदीवर होता. लगेच काही आभाळ कोसळलं नाही. रोज त्याच्यासमोर बसणारे लोक कोण, हे लक्षात घ्या. फुप्फुसं कुरतडली गेलेली माणसं. काहींच्या बरगड्या शस्त्रक्रियेत काढलेल्या. देहाची झीज म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रुग्णांनी हा ख्रिस्त आपला मानला होता, असं देवेमी आणि त्यांची बाजू घेणारे सांगत राहिले.

वाद पेटला तो आसीत नाही. ऑंजे नावाच्या शहरात, आसीपासून शेकडो किलोमीटर दूर, फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला. जानेवारी 1951 मध्ये देवेमी तिथे या चर्चवर भाषण द्यायला गेले आणि कट्टर कॅथलिक गटाने सभेत गोंधळ घातला. मग एक पत्रक निघालं. त्यात दोन फोटो शेजारी शेजारी: एक रिशिएंचा ख्रिस्त, एक नेहमीचा सुंदर ख्रिस्त. आणि देवाची थट्टा खपवून घेणार नाही या अर्थाचा मजकूर. मंडळी, हे पत्रक वाचून मला हसू आलं, कारण आजचा फॉरवर्ड याहून काय वेगळा असतो? फोटो शेजारी शेजारी लावले की विचार करायला जागाच उरत नाही. जी मूर्ती अर्धवट उजेडात, ल्युर्साच्या काळ्या-रंगीत पडद्यापुढे, गुडघे टेकून बघायची, ती छापील चौकटीत जळक्या लाकडासारखी दिसणारच.

पत्रक सगळीकडे गेलं. आसी ज्यांच्या अखत्यारीत येत होतं त्या आन्सीच्या बिशपवर दबाव आला आणि एप्रिल 1951 मध्ये त्यांनी ख्रिस्त वेदीवरून काढायला लावला. त्यावर फ्रान्सभर वर्तमानपत्रांत रणधुमाळी. जूनमध्ये व्हॅटिकनच्या दैनिकात कोस्तांतिनी यांनी या प्रकारच्या कलेवर सडकून टीका केली. 1952 च्या जूनमध्ये रोमच्या धर्मपीठाने धार्मिक कलेबद्दल सूचनाच काढल्या आणि चर्चमध्ये रूढीबाहेरच्या प्रतिमा नकोत हा जुना नियम पुन्हा बजावला.

या कोस्तांतिनींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हा कोत्या मनाचा माणूस नव्हता. 1922 पासून ते चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी होते आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांनी युरोपची नक्कल न करता चिनी पद्धतीने चित्रं काढावीत, देवळं बांधावीत, यासाठी ते भांडले. आशियातल्या देशी ख्रिस्ती कलेला मान मिळावा म्हणून रोममध्ये झटणारा हा गृहस्थ. आपल्याकडेही हा प्रश्न होताच. गोव्यातले अँजेलो द फोन्सेका, जन्म 1902, म्हणजे रिशिएंच्याच वयाचे. त्यांनी मेरीला साडी नेसवली, तिला इथल्या मातीचा रंग दिला, आणि गोव्यातल्या त्या वेळच्या धर्ममार्तंडांना ते रुचलं नाही. फोन्सेका पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, तिथेच चित्रं काढली, 1967 साली गेले. मेरीने साडी नेसावी का, हा प्रश्न कपड्यांचा आणि देशाचा. त्यात शरीर शाबूत राहतं, सुंदर राहतं. कोस्तांतिनींना हे मान्य होतं. देवाचं शरीर मोडलेलं दाखवावं का, या प्रश्नापाशी मात्र तेच कोस्तांतिनी थांबले. उदार माणसाचीही हद्द कुठेतरी असते, ती इथे दिसली.

विरोधकांची बाजू अगदीच टाकाऊ होती असंही मी म्हणणार नाही. गावातली म्हातारी चर्चमध्ये जाते ती कलेवर बोलायला जात नाही. तिला ओळखीचा चेहरा हवा असतो, ज्याच्याशी बोलता येतं. चेहराच नसेल तर बोलायचं कुणाशी? हा प्रश्न खरा आहे. पण मग तो आसीच्या बाकांवर बसणाऱ्यांना विचारायला हवा होता. ऑंजेच्या पत्रकबाजांना त्या मूर्तीसमोर रोज बसायचं नव्हतं.

रिशिएंनी काम थांबवलं नाही. उलट पुढची वर्षं त्यांची सर्वांत धाडसाची. शिशाच्या मूर्तींत त्यांनी रंगीत काचा बसवल्या. व्हिएरा द सिल्व्हा आणि हार्टुंग या चित्रकारांकडून मूर्तीमागे रंगवलेले पडदे करून घेतले. 1956 मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. हयात असताना तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आजारी असतानाही बुद्धिबळाच्या सोंगट्यांची मोठी मूर्तिमाला रंगवत होत्या. 31 जुलै 1959 रोजी कर्करोगाने मॉन्पेलिएत गेल्या. वय 56. तोवर ख्रिस्त वेदीवर परतलेला नव्हता.

नंतर रोममध्येच वारं बदललं. 1962 ते 1965 मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, बऱ्याच गोष्टी सैल झाल्या. 1969 मध्ये ख्रिस्त मुख्य वेदीवर परत आला. उतरवला तेव्हा देशभर आरडाओरडा, बसवला तेव्हा फारसा नाही. 1971 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला संरक्षित राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं, म्हणजे आता सरकारी परवानगीशिवाय त्याला कुणी हात लावू शकत नाही, बिशपसुद्धा. 2023 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात रिशिएंचं मोठं प्रदर्शन झालं, नंतर ते मॉन्पेलिएला गेलं.

आसीचा पडदा आणि त्यापुढचा ख्रिस्त आता पर्यटक बघायला जातात. ज्यांच्यासाठी तो केला होता ते रुग्ण मात्र तिथे उरले नाहीत. मूर्ती वेदीवर नव्हती त्याच वर्षांत स्ट्रेप्टोमायसिन आणि मग इतर औषधं सर्रास मिळू लागली, टीबी बरा व्हायला लागला आणि डोंगरावरची सॅनेटोरियम एकेक करून बंद होत गेली.